बाळाचा लंगोट आणि सर्वांचे पाणी



गेल्या दिवाळीपूर्वी माझ्या पुतणीचा मुंबईहून फोन आला. ती, जावई आणि त्यांचे दीड वर्षाचे बाळ असे तिघे प्रवासी जहाजाने मुंबईहून गोव्याला जाणार होते. जहाजाच्या वरच्या मजल्यावर पोहण्याचे कुंड असते, म्हणून तिने बाळासाठी मुद्दाम 'पोहण्याचा डायपर' विकत घेतला होता. पण जहाजाच्या सूचनापत्रकात एक वाक्य होते. ज्या मुलांना अजून लंगोट लागतो त्यांना कुंडात उतरता येणार नाही. पोहण्याचा डायपर घातलेला असला तरीही नाही.

"काका, डायपर घातल्यावर पाणी घाण कसे होईल? मला काही हा नियम पटत नाही," ती म्हणाली.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रश्न विचारला की चटकन उत्तर देण्याची आम्हा शिक्षकांना खोड असते. मी म्हणालो, "मलाही पटत नाही. डायपर असल्यावर काय हरकत?"

फोन ठेवला आणि मनात शंका आली. डायपर नेमके काय अडवतो? आणि काय अडवत नाही? दोन दिवस वाचन केले, कागदावर थोडे गणित मांडले, स्वयंपाकघरात एक-दोन प्रयोग केले. माझे उत्तर साफ चुकले होते. ते कसे चुकले ते आज तुम्हांला सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, गोंदियापासून मुंबई रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. जहाजावरच्या कुंडाशी आमचा काय संबंध? थोडा धीर धरा. शेवटी आपण आपल्या गावच्या बोडीवरच येऊन पोचणार आहोत.

डायपरच्या पोटात काय असते?

साधा डायपर फाडून पाहिला तर कापसासारख्या थरात साखरेसारखे बारीक पांढरे कण दिसतात. हे कण सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या बहुवारिकाचे असतात. त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असून त्या साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी मिळाले की ही जाळी फुगते आणि पाणी आत धरून ठेवते. शुद्ध पाणी असेल तर हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या काही शेपट पाणी शोषतो. पाण्यात क्षार असले की ही शक्ती बरीच कमी होते. लघवीत क्षार असतात, तरीही बाळाच्या गरजेपुरते काम भागते.

आता असा डायपर घालून बाळाला कुंडात बसवले तर काय होईल? डायपरला लघवी आणि कुंडाचे पाणी यांतला फरक कळत नाही. तो कुंडाचेच पाणी पिऊन टरटरून फुगेल, जड होऊन खाली ओघळेल, कधी फाटेलही. म्हणून पोहण्याच्या डायपरात हे शोषक कण घालत नाहीत, किंवा अगदी थोडे घालतात. तो म्हणजे मांडीला आणि कमरेला घट्ट बसणारी एक कापडी पिशवीच असते. घट्ट विष्ठा ती काही वेळ अडवून धरते. लघवी मात्र जवळजवळ सगळीच बाहेर जाते, कारण तिला धरून ठेवणारे आत काही नसते.

आणि जुलाब झाले तर? बाळ पाण्यात पाय हलवते, बसते, उठते. प्रत्येक हालचालीबरोबर डायपरच्या आतले पाणी दाबले जाते आणि बाहेरचे आत ओढले जाते. सायकलचा पंप आठवा. या पंपामुळे पातळ विष्ठेतले जंतू काही मिनिटांतच बाहेर पडतात. तपासण्यांचा निष्कर्ष असा आहे की पोहण्याचा डायपर जुलाबाच्या जंतूंना थोडी मिनिटे उशीर करतो, थांबवत मात्र नाही.

म्हणजे डायपर आपल्या डोळ्यांना दिसणारी घाण अडवतो. रोग होतो तो न दिसणाऱ्या घाणीने.

न दिसणाऱ्यांचा हिशेब

पोहण्याच्या पाण्यातून पसरणाऱ्या जंतूंमध्ये एक फार चिवट आहे. त्याचे नाव क्रिप्टोस्पोरिडियम. १९०७ साली अर्नेस्ट टायझर या शास्त्रज्ञाला तो उंदरांच्या पोटात सापडला. माणसाला तो आजारी पाडतो हे मात्र १९७६ साली प्रथम नोंदले गेले. विष्ठेबरोबर बाहेर पडताना तो एका जाड कवचात बंद असतो. कवचासह त्याचा व्यास सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर केसाच्या रुंदीत असे चौदा जंतू शेजारी शेजारी बसतील. कापडाची वीण त्यांच्यापुढे म्हणजे चिलटापुढे गावचे फाटक!

या जंतूला क्षुल्लक समजू नका. आफ्रिका आणि दक्षिण आशियातील सात ठिकाणी, त्यांत आपले कोलकाताही होते, लहान मुलांच्या तीव्र जुलाबांची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षातल्या बाळांना तीव्र जुलाब होण्याच्या प्रमुख कारणांत रोटा विषाणूच्या पाठोपाठ याच जंतूचा क्रम लागला. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात पिण्याच्या पाण्यातून तो शिरला, तेव्हा सुमारे चार लाख लोक आजारी पडले असा अंदाज आहे.

आता गणित मांडू. जुलाब होत असलेल्या रोग्याच्या एका वेळच्या विष्ठेत हे जंतू १ कोटीपासून १० कोटींपर्यंत असू शकतात. आपण कमीतला आकडा, १ कोटी, धरू. कुंड १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे असे समजा. त्यात पाणी किती मावेल?

१० × ५ × १.५ = ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर.

१ कोटी जंतू त्यात सारखे मिसळले तर प्रत्येक लिटरमध्ये सुमारे १३३ येतील. पोहणारी मुले पाऊण तासात सरासरी ३७ मिलिलिटर, म्हणजे साधारण अडीच मोठे चमचे पाणी नकळत गिळतात, असे मोजमाप झालेले आहे. मोठी माणसे त्याच्या निम्म्याहून कमी गिळतात. मग पाऊण तासात एका मुलाच्या पोटात किती जंतू गेले? १३३ × ०.०३७ म्हणजे जवळजवळ पाच. आकडा १० कोटींचा धरला तर जवळजवळ पन्नास. आणि आजारी पडायला दहा किंवा त्याहूनही कमी जंतू पुरे होतात!

एका बाळाचा एक जुलाब, आणि ७५,००० लिटर पाण्याचा प्रत्येक घोट शंकास्पद झाला. पाणी दिसायला मात्र पूर्वीइतकेच निळे आणि नितळ.

तुम्ही विचाराल, हे जंतू तळाशी का बसत नाहीत? पदार्थविज्ञानाच्या तासाला तुम्ही स्टोक्सचा नियम शिकाल. त्यानुसार गोल कणाचा बसण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दहापट लहान झाली की वेग शंभरपट कमी. शिवाय या जंतूची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त आहे. आकडे घालून पाहिले तर वेग सेकंदाला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो. दीड मीटर खाली जायला त्याला सुमारे पाच आठवडे लागतील, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. मुले डुंबत असलेल्या कुंडात तो बसणारच नाही.

क्लोरीनला वेळ लागतो

"पण पाण्यात क्लोरीन असते ना?" हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. प्रश्न रास्त आहे.

क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतूंचे कवच भेदून त्यांना मारण्याचे काम मुख्यतः हे आम्ल करते. ते किती प्रमाणात टिकेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७.५ असेल तर सुमारे निम्मे आम्ल या कामाच्या रूपात राहते. सामू ८.५ पर्यंत चढला तर ते एक-दशांशाच्या आसपास उरते. म्हणून नुसते "क्लोरीन टाकले" म्हणून भागत नाही, सामूही राखावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. जंतू मारण्याचे काम क्लोरीनचे प्रमाण आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. हे आपल्या ओळखीचे गणित आहे. चार मजुरांनी सहा दिवसांत केलेली रोवणी आठ मजूर तीन दिवसांत करतात, तसेच काहीसे. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन आहे, सामू ७.५ आहे आणि तापमान २५ अंश आहे असे धरू. अशा पाण्यात

जुलाब करणारा ई. कोलाय जीवाणू १ मिनिटाच्या आत मरतो;
एक प्रकारची कावीळ करणारा हेपॅटायटिस-ए विषाणू सुमारे १६ मिनिटे टिकतो;
जिआर्डिया हा आतड्यातला परोपजीवी सुमारे ४५ मिनिटे टिकतो;
आणि आपला कवचधारी क्रिप्टोस्पोरिडियम? १५,३०० मिनिटे!

१५,३०० ला ६० ने भागा, मग २४ ने भागा. साडेदहा दिवसांहून थोडे अधिक. तेवढ्या वेळात जहाज मुंबईहून गोव्याला जाऊन परतही येईल, पुन्हा नव्या प्रवाशांना घेऊन निघेल, आणि जंतू कुंडात जिवंत असेल. कुंडात जुलाब झाल्याचे कळले तर सर्वांना बाहेर काढून कुंड बंद करतात आणि क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मग १५,३०० भागिले २० म्हणजे ७६५ मिनिटे, पावणेतेरा तास लागतात. बाळ बाहेर काढले, चाळणीने घाण उचलली आणि "चला, उतरा पुन्हा" असे म्हणून चालत नाही ते यासाठी.

आता वासाविषयी एक गोष्ट. तलावावर पाऊल टाकताच नाकाला झोंबणारा वास आला की आपण म्हणतो, "वा! भरपूर क्लोरीन घातलेले दिसते." खरे तर तो वास बहुधा मोकळ्या क्लोरीनचा नसतो. लघवी आणि घाम यांतल्या नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे होतात, त्यांचा तो वास. डोळे लाल होतात तेही बरेचसे त्यांच्यामुळेच. जे क्लोरीन जंतूंशी लढायचे, ते लघवीशी लढण्यात खर्ची पडले असा त्याचा अर्थ. मे महिन्याचे ऊनही मोकळ्या क्लोरीनचे विघटन करते. म्हणजे ज्या दुपारी तलावात सर्वांत जास्त गर्दी असते, त्याच दुपारी क्लोरीन सर्वांत भराभर संपते.

गाळणीचे गणित

पंपाने पाणी ओढायचे, वाळूच्या गाळणीतून घालवायचे आणि कुंडात परत सोडायचे, ही व्यवस्था प्रत्येक चांगल्या कुंडाला असते. समजा, दर सहा तासांत कुंडाइतके पाणी गाळणीतून जाते. तर सहा तासांनी कुंड पूर्ण स्वच्छ होईल का?

नाही. का नाही, ते घरीच पाहता येईल. एका पेल्यात पाणी घेऊन शाईचे चार थेंब टाका. पाण्याचा दहावा भाग चमच्याने काढून टाका आणि तेवढेच स्वच्छ पाणी घाला. ढवळा. असे दहा वेळा करा. तुम्ही बरोबर एक पेला पाणी काढले आणि एक पेला घातले. तरी पाणी निळेच! कारण दुसऱ्या वेळेपासून तुम्ही काढलेल्या चमच्यात आधी घातलेले स्वच्छ पाणीही येत होते. प्रत्येक वेळी ०.९ भाग शाई उरते. दहा वेळा ०.९ चा गुणाकार केला तर ०.३५ येतात. चमचा आणखी लहान घेऊन शंभर वेळा केले, तर ०.९९ चा शंभर वेळा गुणाकार ०.३७ होतो. पाणी अखंड वाहत असेल तेव्हाही हेच ३७ टक्के उरतात.

म्हणजे पहिल्या फेऱ्यात शंभरातले ३७ उरले. दुसऱ्यात त्यांचे ३७ टक्के, सुमारे १४. तिसऱ्यात ५. चौथ्यात २. एक दिवस उलटला आणि १ कोटी जंतूंपैकी सुमारे दोन लाख अजून कुंडातच आहेत. आणि हे केव्हा? गाळणीत आलेला प्रत्येक जंतू अडकतो असे धरले तर. प्रत्यक्षात ५ मायक्रॉनचा कण साध्या वाळूतून सहज निसटतो. तुरटीसारखा पदार्थ घालून कणांच्या गुठळ्या केल्या तर गाळणी बऱ्याच प्रमाणात त्यांना पकडते. आपल्या आजीबाई गढूळ पाण्यात तुरटी फिरवत किंवा निवळीची बी उगाळून घालत, त्यामागचे तत्त्व हेच. ठरावीक तीव्रतेचे अतिनील किरण मात्र या जंतूवर फार परिणामकारक ठरतात. म्हणून आता अनेक ठिकाणी गाळणी आणि क्लोरीन यांच्या जोडीला अतिनील दिवे बसवतात.

जहाजाचा नियम

आता पुतणीच्या सूचनापत्रकाकडे वळू. जहाजावर जागा कमी, म्हणून कुंड लहान. माणसे शेकड्यांनी किंवा हजारांनी. तीच माणसे रोज त्याच कुंडात उतरतात, एकाच भोजनगृहात जेवतात, तेच कठडे धरतात. एकाला लागलेला रोग दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.

अमेरिकेत १९७५ साली प्रवासी जहाजांच्या आरोग्यव्यवस्थेसाठी तेथील रोगनियंत्रण केंद्राने एक कार्यक्रम सुरू केला. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या प्रवासी जहाजांची त्याखाली तपासणी होते. त्याच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की लंगोट लागणाऱ्या, शौचाची सवय न लागलेल्या मुलांना सर्वसाधारण कुंडात उतरवू नये. त्यांच्यासाठी वेगळे बालकुंड हवे, आणि त्याची गाळणी व जंतुनाशनाची व्यवस्था स्वतंत्र हवी. मोठ्या कुंडात मोकळे क्लोरीन लिटरमागे १ ते ५ मिलिग्रॅम ठेवावे लागते, बालकुंडात ३ ते १०. नियम अमेरिकेतला असला तरी जगभरच्या अनेक जहाजांवर याच धर्तीवर सूचना लावलेल्या दिसतात.

वरचे गणित मांडल्यावर नियमाचा अर्थ लक्षात येतो. नियम बाळाविरुद्ध नाही. बाळाला शौचाचे कळत नाही, यात त्याचा दोष तो काय? डायपरचा भरवसा नाही, क्लोरीनला वेळ लागतो, गाळणीलाही लागतो. मग उरतो एकच खात्रीचा उपाय, तो म्हणजे घाण पाण्यात जाऊच न देणे.

लंगोटाचे पाणी: दोन जुन्या गोष्टी

हे ज्ञान माणसाला फार महाग पडले आहे. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली आणि सहाशेंहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवले की बहुतेक रोगी एकाच हातपंपाचे पाणी पीत होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. पण पंपाचे पाणी मुळात बिघडले कसे? हेन्री व्हाइटहेड या तरुण धर्मोपदेशकाने पुढे त्याचा छडा लावला. पंपाला लागून असलेल्या घरात पाच महिन्यांची एक मुलगी जुलाबांनी आजारी होती. तिच्या आईने तिचे लंगोट धुतलेले पाणी घराच्या शोषखड्ड्यात ओतले होते. खड्ड्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या, आणि विहीर हाताच्या अंतरावर होती.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध घेत होते. बेलियाघाटा भागातल्या एका तळ्याकाठी साथ आली होती. कॉख यांना त्या तळ्याच्या पाण्यात पटकीचे स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सापडले. साथीतल्या पहिल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले गेले होते. आणि काठचे लोक त्याच पाण्यात आंघोळ करत, तेच पाणी पीत.

आपल्या बोडीवर

मित्रांनो, ही तळ्याची गोष्ट वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे काय आले? माझ्यापुढे आमच्या गावची बोडी आली. आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. हे दोन्ही जिल्हे तलावांचे. नवेगावबांधसारखे विस्तीर्ण जलाशय आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण 'मामा तलाव' म्हणतो, यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधले गेले. धानाला पाणी त्यांचे, ढिवर बांधवांची मासळी त्यांतली, जनावरांचे पाणी त्यांतले. उन्हाळ्यात पोरांचे डुंबणेही त्यांतच.

माझ्या लहानपणी एका उन्हाळ्याच्या अखेरीस माझ्या धाकट्या भावाला जुलाब होत होते. आई त्याचे लंगोट आणि दुपटी बोडीच्या घाटावर धुऊन आणी. आठ-दहा दिवसांत त्याच घाटावर जाणाऱ्या आणखी चार-पाच घरांत जुलाब सुरू झाले. एक मूल दगावले. तो रोग आमच्याच दुपट्यांतून गेला असे मी सिद्ध करू शकत नाही. नाही गेला, असेही म्हणू शकत नाही. आईला दोष कसा द्यावा? तिला कोणी सांगितलेच नव्हते. तुम्हांला मात्र आता सांगितलेले आहे.

कोणी म्हणेल, तलाव केवढा मोठा! पाच हेक्टरांचा, सरासरी दोन मीटर खोल तलाव धरला तर पाणी होते १ लाख घनमीटर, १० कोटी लिटर. १ कोटी जंतू त्यात पसरले तर दहा लिटरमागे एकच! पण 'पसरले तर' हे शब्द नीट ध्यानात घ्या. तलाव म्हणजे आपण ढवळलेला पेला नव्हे. वारा नसलेल्या दुपारी घाटाजवळचे पाणी घाटाजवळच घुटमळते. लंगोट तिथेच धुतला जातो, पोरे तिथेच डुंबतात, कोणी तिथेच चूळ भरते. शिवाय मे महिन्यात बोडी आटून गुडघाभर पाण्याचे डबके उरते. म्हशींची लहान वासरेही या जंतूंच्या एका प्रकाराने आजारी पडतात, आणि तो प्रकार माणसालाही होतो.

मग तलावात ब्लीचिंग पावडर टाकावी का? लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे १० कोटी लिटरला १०० किलो क्लोरीन. पावडरीत तीस टक्के क्लोरीन धरले तर तीनशेहून अधिक किलो पावडर! त्यातले बहुतेक क्लोरीन गाळ आणि शेवाळ खाऊन टाकतील, मासे मरतील आणि कवचधारी जंतू तसाच राहील. विहिरीला किंवा टाकीला जे चालते ते तलावाला चालत नाही. जहाजाच्या कुंडाला निदान पंप आणि गाळणी तरी आहे. बोडीला आपल्या शहाणपणाशिवाय कोणी राखणदार नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो सहकाऱ्यांनी पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क बजावला. तेव्हा तळे 'बाटले' म्हणून काही लोकांनी त्यात शेण, गोमूत्र वगैरे पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले! सूक्ष्मदर्शकाला विचारा, तळे कशाने बिघडले? माणसाच्या जातीने पाणी कधीच बिघडत नाही. ते विष्ठेतल्या जंतूंनी बिघडते, मग ती विष्ठा कोणाच्याही घरातल्या बाळाची असो किंवा गोठ्यातली असो. पाणी सर्वांचे आहे, म्हणूनच ते राखण्याची जबाबदारीही सर्वांची आहे.

आपण काय करावे?

१. जुलाब होत असतील तर तलावात, कुंडात किंवा बोडीत उतरू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचा रोग झाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे उतरू नये, कारण जंतू विष्ठेतून बाहेर पडतच असतात.

२. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने अंग धुवावे. निरोगी माणसाच्या अंगावरही सरासरी ०.१४ ग्रॅम विष्ठेचा अंश असतो. शंभर माणसे न धुता उतरली तर १४ ग्रॅम पाण्यात गेली!

३. लहान मुलांना तासातासाने बाहेर काढून शौचाला व लघवीला न्यावे. जिथे बालकुंड आहे तिथे पोहण्याचा डायपर जरूर घालावा, पण तो तासातासाने पाहावा आणि काठावर न बदलता स्नानगृहात बदलावा. मग हात साबणाने धुवावेत.

४. पाणी गिळू नये. बोडीच्या पाण्याने चूळही भरू नये.

५. लंगोट आणि दुपटी घाटावर धुऊ नयेत. विष्ठा शौचालयात टाकावी, आणि धुण्याचे पाणी विहीर, हातपंप व तलाव यांपासून दूर सोडावे.

६. बाळाला जुलाब लागले तर क्षार-संजीवनीचे पाणी लगेच सुरू करावे, अंगावरचे दूध थांबवू नये आणि आरोग्य केंद्रात दाखवावे.

करून पाहा, विचार करा

(१) एका न वापरलेल्या साध्या डायपरमधले कण वाटीत घेऊन त्यावर हळूहळू पाणी ओता. किती पाणी मावते ते मोजा. मग त्या फुगलेल्या लगद्यावर चमचाभर मीठ टाका आणि काय होते ते पाहा. समुद्राच्या पाण्यात हा डायपर गोड्या पाण्याइतकाच फुगेल का? (प्रयोगानंतर हात धुवा. कण डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका आणि लगदा मोरीत टाकू नका.)

(२) शाईचा प्रयोग वर दिल्याप्रमाणे करा. प्रत्येक दहा चमच्यांनंतर थोडे पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. किती फेऱ्यांनंतर रंग दिसेनासा होतो? रंग दिसेनासा झाला म्हणजे शाई संपली, असे म्हणता येईल का?

(३) एका कुंडात क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. क्रिप्टोस्पोरिडियम मरायला किती दिवस लागतील? (उत्तर: सुमारे साडेतीन दिवस.)

(४) आपल्या गावच्या घाटावर सकाळी एक तास बसा. पाणी कोणकोणत्या कामासाठी वापरले जाते याची यादी करा आणि ती शाळेच्या फलकावर लावा. कोणाचे नाव लिहू नका. कामे तेवढी लिहा.

पुतणीला मी पुन्हा फोन केला. "बाई, मी चुकलो. नियम बरोबर आहे," असे सांगितले आणि कारणही सांगितले. बाळासाठी तिने एक छोटे घमेले बरोबर नेले. खोलीच्या न्हाणीघरात त्यात पाणी भरून बाळ तीन दिवस मनसोक्त खेळले. मोठ्या कुंडाची त्याला आठवणही झाली नाही. घमेल्यातले पाणी खेळ संपला की ओतून देता येते. बोडीतले येत नाही.